डोलकाठीवरची पट्टी

परवा तुमची तेरवी झाली. पंगती उठल्या, नागपूरचे पाहुणे दुपारच्या एसटीने गेले आणि घरात मी, आपली मंदा आणि तुमची मोडकी डोलकाठी एवढेच उरलो. काठी अंगणात कडुनिंबाखाली दोन दगडांवर आडवी ठेवली आहे. धरणावरून ती तुमच्या धाकट्या भावाने बैलबंडीत घालून आणली आणि उतरवतानाच विचारलं, "वैनी, हे फोडून सरपन करून टाकू का?" मी म्हटलं, राहू द्या. तुमच्या प्रेमापोटी म्हटलं नाही, गैरसमज नको. मला तुमच्याशी भांडायचं होतं, आणि तुम्ही नाही तर निदान काठी तरी समोर हवी होती.

येणारा जाणारा मला सांगतो की वसंतराव फार भला माणूस. कधी कुणाला टाकून बोलले नाहीत, कुणाचं मन मोडलं नाही. मी मान हलवते, चहा पुढे करते. खरंच आहे ते. त्यानेच तर गेलात. दवाखान्यात मला सांगितलं, डोक्याला मार लागून गेले. मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, भिडेपोटी गेले.

आपल्या जिल्ह्यात शिडाची होडी म्हटलं की लोक आधी हसतात. समुद्र इथून किती लांब, हे मी चौथीच्या पोरांना नकाशावर बोटाने दाखवते. पण तुम्ही धरणाच्या कचेरीत नकाशे उतरवायच्या कामावर, आणि तरुणपणी ट्रेनिंगला पुण्याकडे गेला असताना तिथल्या पाण्यावर शिडं पाहून आलेले. तेव्हापासून ते तुमच्या डोक्यात बसलं. खात्याची जुनी वल्ह्यांची होडी, तळाशी सडलेली, लिलावात निघाली आणि तुम्ही ती घेऊन मोकळे झालात. माझे वडील वर्ध्याहून आले होते. ते मला आत बोलावून हळूच म्हणाले, "बाई, मी तुला नोकरदार पाहून दिला होता, यांनी कोळ्याचा धंदा कधी धरला?" तुम्ही दारातून ऐकलंत आणि इतके हसलात की बाबांनाही हसावं लागलं. केळझरच्या गणपतीला दर्शनाला येणारे लोक पुढे आपलं घर विचारत यायचे, होडीवाल्या साहेबाचं घर कोणतं म्हणून. तुम्ही साहेब नव्हता, पण तुम्ही कधी कुणाचं म्हणणं खोडलं नाहीत.

आणीबाणी उठली त्या वर्षीचा हिवाळा. मंदा तिसरीत होती. होडीचा तळ सुताराकडून नवा करून झाला होता, शीड मी माझ्या मशिनवर जाड मांजरपाटाचं शिवलं होतं आणि त्यात किती सुया मोडल्या ते माझं मला माहीत. सागाची काठी तासून तयार होती. राहिलं होतं ते काठीच्या डोक्याशी बसवायचं लोखंड. एक गोल पट्टी, तिला तीन कड्या, आणि त्या कड्यांमधून तीन तारा खाली होडीच्या दोन्ही कडांना आणि पुढच्या टोकाला ताणून बांधायच्या. काठी वाऱ्यात उभी राहते ती त्या तारांच्या जोरावर, आणि तारा राहतात त्या पट्टीच्या जोरावर. हे तुम्ही मला पोळपाटावर लाटणं उभं करून समजावलं होतं, आणि मी तेव्हा स्वयंपाक करत होते.

लोखंड म्हटलं की आपल्याकडे शामरावच. तुमच्या घरच्या नांगराचा फाळ त्याच्या घरच्या भात्यावर पाजळला जायचा तो तुमच्या आजोबांपासून. वर्षाकाठी खळ्यावरून त्याच्या घरी ज्वारी जायची आणि तुमच्या घरचा खिळासुद्धा दुसऱ्या लोहाराकडे जायचा नाही. त्यात तुम्ही दोघं एका वर्गात बसलेले, एकाच मास्तरचा मार खाल्लेले. तुम्ही त्याच्या भट्टीपुढच्या जमिनीवर खडूने पट्टी काढून दाखवलीत. त्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "हे तं बंडीच्या चाकाची धावच झाली ना बे, फक्त लहान हाये. धाव चढवतो तशीच चढवून देतो. जल्माची बसन."

मला तो दिवस स्पष्ट आठवतो. चाकाला लोखंडी धाव चढवायची तर ती गोवऱ्यांच्या आगीत लाल करतात, फुगली की चाकावर बसवतात आणि वरून पाणी ओततात. लोखंड आक्रसतं आणि लाकूड आवळून धरतं. आपल्या भागात बंडी चालते ती यावरच. शामरावने पट्टी लाल केली, सांडशीने उचलली, काठीवर सरकवली, धूर निघाला, सागाच्या जळण्याचा वास अंगणभर झाला आणि त्याच्या बायकोने वरून घागर ओतली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी कुंकू लावलं, तुम्ही नारळ फोडलात. शामराव पट्टीवर हातोडा वाजवून दाखवत होता, "पाह्य वसंता, तुही काठी मोडन, पन माही पट्टी नाई निघाची." सगळे हसले. मीही हसले.

चाक आणि डोलकाठी यांच्यात फरक आहे, हे त्या अंगणात कुणालाच सुचलं नाही. चाकाचं लाकूड जाडजूड, वर्षाचे आठ महिने धुळीत कोरडं. काठी मनगटाएवढी, आणि पट्टीच्या खाली एकदा पाणी शिरलं की बाहेर यायला वाट नाही. सुचणार तरी कसं? तिथे उभ्या असलेल्यांपैकी एकानेही तुमच्याशिवाय शीड पाहिलेलं नव्हतं.

मी तुमच्यावर कितीही रागावले असले तरी खोटं लिहिणार नाही. ती होडी चालायची. पहिल्या दिवशी मी पदर कमरेला खोचून, दोन्ही हातांनी कड धरून बसले होते आणि मनात मारुतीचं नाव घेत होते. तुम्ही दोरी ओढलीत, माझ्या मशिनवरचं ते मांजरपाट एकदम फुगलं आणि आपण पुढे जायला लागलो, कुणी वल्हं न मारता. एवढं शांत मी आयुष्यात काही ऐकलं नव्हतं. किनाऱ्यावर शामराव उभा होता, कपाळावर हात धरून वर बघत. तो शिडाकडे बघत नव्हता, काठीच्या टोकाकडे बघत होता. तुम्ही मला म्हणालात, "भेव वाटून राह्यलं का?" मी नाही म्हटलं. ते मात्र खोटं होतं. पण त्या दिवसापुरती मी तुमची जन्मभर ऋणी आहे, आणि आता हे तुम्हाला सांगून उपयोग नाही म्हणून इथे लिहिते.

पावसाळ्यात होडी धरणावरच्या शेडमध्ये राहायची आणि काठी घरी यायची. तेव्हापासून पोळ्यापर्यंत आमच्या पडवीत पाय ठेवायला जागा नसायची. तुम्ही एकेक गोष्ट काढून तपासायचात. आधी कपडे वाळत घालायची तार लावली होती, ती गंजली म्हणून विजेच्या खांबाला ताण देतात तसली जाड पिळाची तार आणलीत. दोरी वर न्यायला विहिरीवरची लाकडी कप्पी होती, ती फुगून अडकायला लागली तेव्हा नागपूरच्या भंगारबाजारात दोन रविवार घालवून पितळी कप्पी शोधलीत आणि रात्रंदिवस तिचं कौतुक. खिळे काढून नटबोल्ट झाले. काठीचं बूड कुजलं तेव्हा तेवढं कापून खाली पत्र्याचा बूट बसवलात. तारा ताणायचे स्क्रू बदलले, त्यांच्या पिना बदलल्या. मी म्हणायची, लग्नातली एक मीच काय ती न बदलता राहिले. तुम्ही म्हणायचात, तुले गंज धरत नाई ना.

पट्टी मात्र तशीच. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला रंग तुमच्या भावाकडून यायचा आणि तो तुम्ही पट्टीवर चढवायचात. एक वर्ष हिरवा, एक वर्ष लाल, कधी निळा. गावात कुणी बैल सजवतं, तुम्ही पट्टी सजवायचात. आठ-नऊ पोळ्यांचा रंग बसला तेव्हा ती पट्टी लोखंडाची आहे हे कळेनासं झालं. खाली काय चाललंय हे कुणाला दिसणार?

मला दिसलं. तीन वर्षांपूर्वी काठीला जवसाचं तेल चोळताना पट्टीच्या खालच्या कडेला माझं बोट ओलं झालं आणि बोटाला तपकिरी लागलं. पाऊस थांबून आठवडा झाला होता. मी तुम्हाला हाक मारली. तुम्ही बोटाच्या गाठीने काठी वाजवत वर गेलात. ठक, ठक, ठक, आणि पट्टीशी आल्यावर तो आवाज बसला. तुम्ही पुन्हा वाजवून पाहिलं. मग माझ्याकडे बघितलं नाहीत. तुम्हाला कळलं होतं. त्या क्षणापासून तुम्हाला सगळं माहीत होतं, हेच मी तुम्हाला माफ करू शकत नाही.

"हे कापून काढा," मी म्हटलं. "उघडता येईल असं काहीतरी बसवा. बोल्टचं."

"काढू पुढच्या साली."

"अवो, बाकी सारं बदलवून राह्यले, मंग हेच काऊन नाई?"

"शाम्याच्या हातची हाये ते."

"मंग त्यालेच सांगा."

"काय सांगू त्याले? तुह्या पट्टीनं लाकूड जाळलं म्हनू? तुले समजत नाई. त्याच्यापाशी आता राह्यलं काय?"

हे मला समजत होतं, उगीच म्हणू नका. बंड्यांना रबरी टायर आले तशी शामरावच्या भट्टीची आग महिनेमहिने पेटायची नाही. विळे, कुदळी बाजारात तयार मिळायला लागल्या. त्याचा पोरगा हिंगणघाटला गिरणीत गेला. धाव चढवून मागायला कुणी येत नव्हतं. तुम्ही होडी पाण्यात सोडायचा दिवस ठरला की शामराव धुतलेलं धोतर नेसून धरणावर हजर. सहलीला आलेल्या अनोळखी माणसांना तो बोट वर करून सांगायचा, "ते वरतं दिसते ना, हिरवं, ते मी ठोकलेलं हाये." त्या माणसाला तुम्ही कसं सांगणार? हे मला कळत होतं. पण कळणं निराळं आणि त्या काठीखाली आपली पोरगी बसवणं निराळं.

कारण लहानपणापासून मंदा प्रत्येक फेरीला तुमच्याबरोबर असायची. तुमच्यापेक्षा चांगलं शीड धरायची, हे तुम्हीच सांगायचात. मी त्यावरून तुमच्याशी बोलणं टाकलं, पुन्हा बोलले, पुन्हा टाकलं. भीड भिकेची बहीण, मी म्हणायची. तुम्ही म्हणायचात, बरं. एकदा तुम्ही कचेरीत असताना मी स्वतः लोखंड कापायची करवत घेऊन बसले. दोन-तीन ओरखडे पडले असतील, तोच तुम्ही आलात आणि माझं मनगट धरलंत. सबंध संसारात तुम्ही माझा हात इतका जोरात कधी धरला नव्हता. "तो वरते पाह्यते ना," तुम्ही म्हणालात. "वरते दुसरं काई दिसलं तं तो काई म्हननार नाई. नुसता घरी जाईन. मंग मी त्याच्या दुकानापुढून कसा जाऊ?" मी करवत टाकून आत गेले. तुम्ही ओरखड्यांवर रंग लावलात.

यंदा पोळ्यानंतरच्या पहिल्याच रविवारी तुम्ही दोघं गेलात. मी वर्ध्याला शिक्षकांच्या सभेला गेले होते, त्यामुळे जे सांगते ते मंदाकडून ऐकलेलं. धरण तुडुंब होतं. वारा समोरून होता. मंदा पुढे, तुम्ही मागे सुकाणूवर. ती म्हणते, वरून लाकूड फोडल्यासारखा एक आवाज आला, जोराचाही नव्हता. पट्टीपाशी काठी तुटली, वरचा तुकडा तारांसकट पाण्यात गेला, आणि ताराच सुटल्यावर उरलेली काठी उभी राहणार कशाच्या जोरावर? ती बुडाशी मोडून मागे पडली, तुमच्या मानेवर आणि डोक्यावर. तुम्ही एकदाच वर बघितलंत, असं ती म्हणते. तिने तुम्हाला काठीखालून ओढलं, शीड कापून टाकलं आणि वल्ही मारत किनाऱ्याला आली. तुम्ही बोलत नव्हता. ती तुमच्याशी बोलत होती. काय बोलत होतीस, मी विचारलं. म्हणाली, वारा कुठून येऊन राह्यला ते सांगत होती.

शामराव किनाऱ्यावर होताच. तुम्हाला जीपमध्ये त्यानेच उचलून ठेवलं.

सेवाग्रामच्या दवाखान्यात तुम्ही जेवढे दिवस होता तेवढे दिवस मी तुमचा हात धरून बसले. नखांच्या कडेला यंदाचा हिरवा रंग होता. मी तो पिनेने काढत राहिले, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोला त्यांच्याशी, ऐकू जात असेल. मला एकच गोष्ट बोलायची होती आणि ती मरणाऱ्या माणसाला सांगण्यासारखी नव्हती. म्हणून मी घरचं सांगितलं. म्हैस आटली, मंदाची परीक्षा पुढे गेली. तुम्ही ऐकलंत की नाही देव जाणे.

पाण्यात पडलेला तुकडा धरणाच्या चौकीदाराने आणून दिला. पट्टी त्यावर जशीच्या तशी होती. काठी मोडली आणि पट्टी निघाली नाही. तुमचा दोस्त बोलल्याप्रमाणेच झालं.

दहाव्याच्या संध्याकाळी मी वाटण वाटत होते. मंदा येऊन जवळ बसली.

"आई, नवी काठी करू. होडी शाबूत हाये."

मी वरवंटा तिथेच टाकला. तिला नाही नाही ते बोलले. बापाला पिंड देऊन हात वाळले नाहीत तुझे, म्हटलं. उद्या तुझीही तेरवी मीच घालायची का, म्हटलं. ती उठली नाही. माझं संपेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "मी आता होडीत नाई बसली तं मले जल्मभर बाबा पडतानाच दिसतीन. त्यांच्यासंगं दहा वर्सं फिरली, त्यातलं दुसरं काईच दिसनार नाई."

ती तुमच्यासारखी हळू बोलते, पण तुमच्यासारखी गप्प बसत नाही. एवढं तिला माझ्याकडून मिळालं. मी म्हटलं, आधी ती पट्टी कापून मला आत काय आहे ते दाखव. मग बघू.

काल सकाळी तिने कापली. करवत रंगातूनच बराच वेळ गेली, हिरवा, लाल, निळा भुसा पडत होता. मग लोखंड लागलं. पट्टी दुभंगून खाली पडली तेव्हा खणकन वाजली, इतकी ठणठणीत होती. आत मात्र लाकूड असं नव्हतंच. एक काळं कडं होतं, जळलेलं, त्या पहिल्या दिवशीचं, आणि त्याच्या आत ओला भुगा. मी बोट लावलं तर ते सरळ आत गेलं. आपण ज्या दिवशी टाळ्या वाजवल्या त्याच दिवशी ते सुरू झालं होतं. तुमचा दोष नव्हता त्यात, शामरावचाही नव्हता. पुढच्या तीन वर्षांचं मात्र मी तसं म्हणणार नाही. मंदा ओसरीत जाऊन बसली. मी त्या तुकड्यावर पोतं टाकलं.

आणि काल दुपारी शामराव आला. तेरवीला तो पंगतीत बसला नव्हता, पानं वाढत होता. त्याच्या हातात सुतळी होती, तिला माप घेण्यासाठी गाठी मारलेल्या. बाजेवर बसला नाही, खाली टेकला.

"वैनी, मंदी नवी काठी करून राह्यली म्हनते. ऐकलं मी. पट्टी माह्याकडून. पैशाचं नाव काढू नका. तशीच चढवून देतो, लाल करून, जल्माची." मग सुतळीची एक गाठ सोडली, पुन्हा मारली. "लोकं सांगतात का काठीच मोडली. माही पट्टी तं शाबूत होती ना, वैनी?"

तेरा दिवस मी तुमच्यावर मनातल्या मनात ओरडत होते, आणि आता तो माणूस समोर बसून असं विचारत होता. हो म्हणणं किती सोपं होतं. पट्टी खरंच शाबूत होती, खोटंही झालं नसतं. त्याचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता, वाळून निम्मा झालाय तो. मला पहिल्यांदा कळलं की तुम्ही तीन वर्षं कशात अडकला होता. मी म्हटलंही असतं, नाही, तुमचं काही नव्हतं भाऊजी, करा तशीच नवी. पण तेवढ्यात मंदा चहा घेऊन बाहेर आली, आणि तिने कप खाली ठेवताना तिचा मोकळा हात मी पाहिला. वल्ही मारताना सोललेले तळवे अजून भरले नाहीत.

मी उठून पोतं बाजूला केलं.

"भाऊजी, हे पाहा," मी म्हटलं. "पट्टी लाल करून बसवली तेव्हाच लाकूड आतून जळलं. मग पाणी मुरत गेलं. तुमची पट्टी शाबूत आहे. काठी तिच्याखालीच मोडली. नवी तशी चढवायची नाही."

सांगून टाकलं. तुमच्यावतीने नव्हे, तुमच्याविरुद्ध.

तो तुकड्याजवळ सरकला. अंगठा त्या काळ्या कड्यात घातला, फिरवला, बाहेर काढून वास घेतला. चहावर साय धरली. मग मंदाला म्हणाला, "दोन तुकड्याची करू. अर्धी इकून, अर्धी तिकून, मंधात बोल्ट. दर पावसाळ्यात खोलून पाहात जाजो." सुतळी मंदाने नव्या काठीसाठी काढून ठेवलेल्या सागाच्या वाशाभोवती फिरवली, माप घेतलं, गाठ मारली. माप त्याने दोनदा घेतलं.

फाटकापर्यंत गेला आणि तिथूनच वळला.

"वसंताले माहीत होतं हे?"

"तीन वर्षांपासून."

"मंग बोलला काऊन नाई मले?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

त्याला ते समजलंच नाही. तो माझ्याकडे बघत राहिला, मी काही भलत्याच भाषेत बोलले असल्यासारखा. "मले?" तो म्हणाला. "वैनी, धाव काय एकदा चढवली का संपलं? चाक सुकलं का धाव ढिली पडते. उन्हाळ्यात गावातल्या किती बंड्याच्या मीच तोडत होतो अन् मीच पुन्हा चढवत होतो. माह्या बापानं चढवलेल्या माह्या हातानं तोडल्या. त्यात वाईट काय वाटाचं? तो नुसता म्हनला असता ना, शाम्या, हे काढून दे, तं मी हासत हासत कापून देल्ली असती."

हासत हासत कापून दिली असती, असं तो पुन्हा एकदा म्हणाला आणि फाटकाला धरून लहान पोरासारखा रडायला लागला. मंदा त्याच्याकडे गेली. मी जागची हलले नाही. चड्डीत होता तेव्हापासूनचा तुमचा दोस्त, त्याच्यासाठी तुम्ही जीव दिलात, आणि तो कसा आहे एवढंही तुम्हाला ठाऊक नव्हतं.